बाप, मुलगा आणि कवेलूंवर ठेवलेले सेल

आमच्या घरी तीन सेलांची एक बॅटरी होती. आमच्या नाकाडोंगरी गावाच्या भोवताली जंगल आहे आणि दिवाळीच्या तोंडावर धान भरला की रानडुकरे बांधीत शिरतात. बाबूजी रात्री उठून राखणीला जायचे, तेव्हा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ही बॅटरी असायची. धुऱ्यावर साप निघतो, त्यामुळे उजेडाशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. दिवसा ती छपरीतल्या खुंटीला टांगलेली असे आणि तिला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. मी सात वर्षांचा होतो. लागोपाठ दोन रात्री मी ती पांघरुणात घेतली आणि काचेवर बोटे धरून त्यांच्यातून झिरपणारा लाल उजेड पाहत बसलो. तिसऱ्या रात्री बाबूजी निम्म्या वाटेवरून परत आले.

“सेल कोनं संपवले?”

मी बोललो नाही. गालावर एक सणसणीत बसली. बाबूजी कंदील घेऊन निघून गेले आणि सकाळी कळले की नाल्याकडच्या बांधीचा अख्खा कोपरा डुकरांनी लोळवला होता.

मार मी दोन दिवसांत विसरलो. त्यानंतरचा अबोला मात्र अजून आठवतो. बाबूजींना काही सांगायचे असले की ते आईला सांगत आणि मला काही हवे असले की मी आईकडे बघे. “बाबूजीले म्हन, पानी तापलं.” “त्याले म्हन, दप्तर उचल.” एकाच छपरीत, चार हातांच्या अंतरावर बसलेली दोन माणसे तिसऱ्याच्या तोंडून बोलत होती. आठ-दहा दिवस असेच गेले. सात वर्षांच्या मुलाला आठ दिवस म्हणजे किती, हे मोठेपणी आपण विसरून जातो.

बाप आणि लहान मुलगा यांच्यातला ताण हा विषय निघाला की आपल्याकडे पटकन दोन निकाल दिले जातात. एक तर बाप कडक होता, नाही तर पोरगा हट्टी होता. गेल्या पन्नास-साठ वर्षांत बालमानसशास्त्राने या नात्याचा जो अभ्यास केला आहे तो वाचताना मला वाटत आले आहे की हे दोन्ही निकाल चुकीच्या जागी बोट ठेवतात. बाप रागावतो, मुलगा रुसतो, हे प्रत्येक घरात होते. नाते बिघडते ते राग ओसरल्यावर परत कोणी कोणाकडे गेले नाही तर.

आधी हा ताण आपल्याकडे नेमका केव्हा सुरू होतो ते पाहू. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ साली ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात भारतीय मुलग्याच्या आयुष्यातल्या एका वळणाला ‘दुसरा जन्म’ असे नाव दिले. चार-पाच वर्षांपर्यंत मुलगा आई, आजी, काकू यांच्या अंगाखांद्यावर वाढतो. त्याचे सगळे लाड होतात, सगळे हट्ट पुरतात. मग एकाएकी त्याला पुरुषांच्या जगात आणून उभे केले जाते. तिथे शिस्त असते, अभ्यास असतो, “आता काय लहान आहेस का” असे असते. आणि त्या जगाच्या दारात बाप उभा असतो, ज्याच्याशी मुलाची तोवर फारशी ओळखच झालेली नसते.

ओळख होत नसे याला कारण होते. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे पोर कडेवर घेणे पुरुषाला शोभत नाही असे मानत. भावाची मुले घेतली तर चालायची. बाबूजी माझ्या चुलतभावाला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचे आणि मी मागून चालायचो. काका मला उचलून घ्यायचे आणि चुलतभाऊ बघत राहायचा. यात कोणाची माया कमी नव्हती. रीतच तशी होती. पण चालत जाणाऱ्या मुलाला रीत कळत नाही, त्याला फक्त खांदा दिसतो.

जुन्या नीतिवचनांनी तर वयाचे कोष्टकच करून ठेवले होते. पहिली पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे धाक आणि मार, सोळावे लागले की मित्रासारखे वागवायचे. हे कोष्टक अक्षरशः पाळणारी घरे होती. विनोबा भावे यांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. नरहरराव मुलाला बऱ्याचदा मारत. एक दिवस मार खाण्याजोगे काही होऊनही मार पडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. विनोबा चक्रावले. मग उलगडा झाला की त्यांना सोळावे लागले होते आणि वडील शास्त्र पाळत होते. ही आठवण विनोबांनी कौतुकाने सांगितली आहे. मला मात्र ती वाचताना त्या मधल्या दिवसांतला मुलगा दिसतो, मार का थांबला हे कोडे एकट्याने सोडवत बसलेला. बापाने निर्णय घेतला होता, पण मुलाला सांगितला नव्हता.

आता काळ बदलला असे आपण म्हणतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत पाहणी करून २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दर ३ मुलांमागे २ मुलांनी आपल्याला शारीरिक मार बसतो असे सांगितले. त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त होते. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे खुद्द आईवडीलच होते. शाळेत मुलाला मारण्यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आली. घरात मात्र मार हा अजूनही वळण लावण्याचाच भाग समजला जातो, आणि मुलगा असेल तर अधिकच. मुलगी उद्या परक्या घरी जाणार म्हणून तिला हात लावू नये, मुलग्याला मात्र घडवलाच पाहिजे, अशी आपली समजूत आहे.

यात पोटापाण्याच्या धंद्याचाही वाटा आहे. आमच्या या पट्ट्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीचे काम पाळ्यांचे. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपतो, त्यामुळे मूल जागे असते तेव्हा घरात “कल्ला करू नको, बाबूजी झोपले” हे चालू असते. धान करणाऱ्याच्या घरी पऱ्हे, चिखलणी, रोवणी, कापणी यांत दिवस कधी उजाडतो आणि मावळतो ते कळत नाही. हंगाम संपला की कित्येक बाप नागपूरकडे किंवा आणखी लांब कामाला जातात. या सगळ्यात मुलाच्या वाट्याला येतो तो दमलेला, झोपलेला किंवा नसलेला बाप. आणि दिवसभर आईने एक वाक्य ऐकवलेले असते: “बाबूजीले येऊ दे, सांगतो.” सकाळच्या गुन्ह्याचा निवाडा संध्याकाळी होतो. बाप दारात पाऊल टाकतो तो न्यायाधीश म्हणून. त्यालाही ते नको असते. सायकल टेकवायच्या आधीच त्याच्यापुढे आरोपी उभा केलेला असतो.

विज्ञानानेही बापाकडे बराच काळ असेच दुरून पाहिले. १९५१ साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल बालसंगोपनाच्या विचारात मैलाचा दगड ठरला, पण त्यात सारा भर आईच्या मायेवर होता. बापाचे काम पैसा आणणे आणि आईला आधार देणे, एवढेच धरलेले. १९७५ साली मायकेल लॅम्ब या संशोधकाने बाप हा मुलाच्या विकासातला विसरला गेलेला वाटेकरी आहे, असे ठणकावून लिहिले. त्यानंतर बापांना प्रयोगशाळेत बोलावणे, घरी जाऊन त्यांचे वागणे टिपणे सुरू झाले.

त्यातून पुढे आलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बापाच्या शरीराची. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांची काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासणी झाली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी आक्रमकतेशी जोडले जाणारे संप्रेरक, ठळकपणे उतरले होते. त्यातही जे बाप रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करत होते त्यांच्यात ते सर्वांत कमी होते. म्हणजे पुरुषाच्या शरीरात बाप होण्याची तयारी असते, मुलाला हाताळता हाताळता ते बदलते. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या अका लोकांत बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाला दिसले की बाप दिवसाचा जवळपास निम्मा वेळ मुलाला धरून किंवा हाताच्या अंतरावर असतो. तेही शिकार करून, जंगल धुंडाळून जगणारे लोक. “पुरुषाच्या जातीला हे जमत नाही” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसते, बोलते. मग दोनेक मिनिटे ती चेहरा पूर्ण निर्विकार ठेवते. समोरच बसलेली असते, पण डोळ्यांत काही नाही, ओठांवर काही नाही. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, कुठे तरी बोट दाखवते. काहीच होत नाही असे दिसल्यावर ते तोंड फिरवते, अंग आक्रसून घेते, रडू लागते. पुढे वडिलांबरोबरही असे प्रयोग झाले आणि बाळे तशीच कासावीस झाली. न मारता, न ओरडता, केवळ प्रतिसाद थांबवून मुलाला किती यातना होतात ते या दोन मिनिटांत दिसते. आपल्याकडच्या अबोल्याचे हेच शास्त्र आहे.

पण ट्रॉनिकचे खरे सांगणे याच्या पुढे आहे. चांगल्या, प्रेमळ जोड्यांचे चित्रण बारकाईने तपासल्यावर त्याला दिसले की आई आणि बाळ यांचे सूर जुळलेले असतात ते एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्केच. बाकी वेळ चुकामूक. एकाला खेळायचे असते तर दुसऱ्याला झोप आलेली, एक हसतो तर दुसरा भलतीकडेच बघतो. फरक पडतो तो चुकामूक झाल्यावर कोणी तरी पुन्हा सूर लावतो की नाही याने. ज्या मुलाने शंभरदा तुटून शंभरदा जुळताना अनुभवलेले असते, त्याच्या मनात एक खात्री बसते की बिघडलेले दुरुस्त होते. ज्याने तुटणे तेवढे पाहिले, तो पुढच्या वेळी हात पुढे करत नाही. आपण म्हणतो, पोरगा दगडासारखा झाला आहे, काही बोला, फरक पडत नाही.

माझ्या त्या आठ दिवसांचा शेवट कसा झाला ते सांगतो. एका दुपारी बाबूजींनी ते उतरलेले तीन सेल कोठ्याच्या कवेलूंवर उन्हात ठेवले. छप्पर खाली होते, माझा हात पुरत होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “संध्याकाळी पाय, लागते का.” त्यांनी आठ दिवसांत माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. संध्याकाळी सेल हाताला कोमट लागत होते. ते त्यांनी माझ्या हातांनी बॅटरीत घालायला लावले, टोक कुठल्या बाजूला हे दाखवले. बटन दाबले तर पिवळा, मिणमिणता उजेड पडला आणि थोड्या वेळाने गेला. राखणीच्या कामाचा तो नव्हताच. नंतर त्यांनी एक सेल फोडून आतली काळी भुकटी दाखवली आणि म्हणाले, हे आपल्या डोंगरीचं. फार वर्षांनी मी वाचले की डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलांसाठी खरोखरच वापरले जाते, आणि ऊब मिळाली की दमलेल्या सेलातली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते. त्या संध्याकाळी मला एवढेच कळले होते की बाबूजी बोलले.

आमच्या पिढीच्या बापांना “चुकलो” हा शब्द येत नव्हता. “जेवला का?” यातच ते सगळे बसवायचे. मुले हुशार असतात, त्यांना ते कळते. पण सगळेच कळते असे नाही. बाप का रागावला, त्या रात्री बांधीत काय गेले, वर्षभराच्या धानातले किती गेले, हे मला कोणी सांगितले नाही. सात वर्षांच्या मुलाला ते कळले असते. दोन वाक्ये पुरली असती: धान गेला म्हणून मला राग आला, पण तुला मारायला नको होते. यात बापाचा मान जात नाही. उलट रागाचे कारण मिळाले की मूल स्वतःच्या मनाने कारण शोधत बसत नाही. लहान मूल स्वतःच्या मनाने शोधते ते कारण जवळपास नेहमी एकच असते, की मीच वाईट आहे.

एक मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. दारू पिऊन रोज मारायचे आणि सकाळी गोळ्याबिस्किटे आणून द्यायची, याला परत येणे म्हणत नाहीत. मुलगा त्यातून शिकतो ते इतकेच की मारणाराच माया करतो, आणि मोठा झाला की हीच रीत आपल्या घरी चालवतो. अशा घरातल्या मुलाला दुसरा कोणी पुरुष लागतो. मामा, आजोबा, शाळेतले गुरुजी, शेजारचा कोणी. एकही माणूस भरवशाचा मिळाला तरी मूल तरते हे वारंवार दिसून आले आहे. आणि मूल जिवाच्या भीतीत असेल तर १०९८ हा मदतीचा क्रमांक त्याच्यासाठी आहे. शेजाऱ्यानेही तो फिरवावा, “त्यांच्या घरचं आहे” म्हणून गप्प बसू नये.

या विषयाचा विचार करताना मला सतत एक बापलेक आठवतात. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आमच्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, त्यामुळे या भागात त्यांचे नाव घरातल्यासारखे घेतले जाते. पण त्यांचे वडील सुभेदार रामजी आणि लहानगा भीमराव यांच्यात किती ताण होता हे फारसे बोलले जात नाही.

भीमराव लहान असतानाच आई भीमाबाई गेल्या. काही काळाने रामजींनी दुसरे लग्न केले. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भीमराव पेटून उठत. बापाचे मिंधे राहायचे नाही, साताऱ्याहून मुंबईला पळून जायचे, गिरणीत कामाला लागायचे, असे त्यांनी ठरवले. प्रवासाला पैसे हवेत म्हणून शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेचा बटवा लांबवायचा बेत केला. काही रात्री प्रयत्न फसले. शेवटी बटवा हाती लागला, तर आत अर्धा आणा. त्या शरमेतून त्यांनी मन अभ्यासाकडे वळवले, असे त्यांनीच पुढे सांगितले.

१९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव आणि घरातली इतर मुले सुट्टीत वडिलांकडे निघाली. रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात नोकरीला होते. मुले नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली, तर घ्यायला कोणीच आले नव्हते. महार म्हणून गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, रात्रभरच्या वाटेत प्यायला पाणी मिळेना. त्या वेळी वडिलांबद्दल त्या मुलांच्या मनात काय आले असेल? पोचल्यावर उलगडा झाला. मुलांचे पत्र शिपायाने वडिलांना दिलेच नव्हते. बाप वाट पाहत नव्हता, कारण त्याला माहीतच नव्हते.

आणि हाच बाप पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहायचा, मग मुलाला अभ्यासाला उठवायचा आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर स्वतः आडवा व्हायचा. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकीच्या घरी जाऊन तिचा दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा आणि निवृत्तिवेतन आले की सोडवून परत द्यायचा. बापाने दुसऱ्या बायकोला दिलेल्या दागिन्यांवरून जो मुलगा तुटला होता, त्याच्या पुस्तकांसाठी तोच बाप दागिने मागत फिरत होता. हे त्या दोघांच्या बोलण्यात कधी आले की नाही कोण जाणे. पुस्तक मात्र घरात येत होते.

जानेवारी १९१३ मध्ये दोघांचे पुन्हा बिनसले. भीमरावांना बडोद्याच्या नोकरीवर जायचे होते, रामजींचा विरोध होता. तिथे जातीवरून काय सोसावे लागेल याची त्यांना धास्ती होती. मुलाने ऐकले नाही, तो गेला. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव मुंबईच्या गाडीत बसले. वाटेत सुरत लागले, तेव्हा वडिलांसाठी मिठाई घ्यायला म्हणून ते खाली उतरले आणि गाडी सुटली. तीनच वर्षांनी, १९१६ मध्ये, परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा याच सुरतेला उतरले आणि वडिलांना पत्र लिहून काशीच्या गाडीत बसले. एक मुलगा बापापासून दूर जायला तिथे उतरला, एक बापासाठी काही तरी घेऊन जायला.

भीमराव घरी पोचले ते दुसऱ्या दिवशी. रामजींचा जीव जणू त्यांच्यासाठीच घुटमळत होता. २ फेब्रुवारी १९१३ चा तो दिवस. डोळे मुलाला शोधत होते, तो दिसला. बोलायची ताकद उरली नव्हती. त्यांनी हात उचलला आणि तो मुलाच्या पाठीवरून फिरवत राहिले.